इजिप्तच्या दालनातला निळा

इजिप्तच्या प्रदर्शनात गर्दी सोन्यापुढे होते. कारागिरीची खरी कसोटी मात्र निळ्या रंगात आहे, आणि तो निळा फार थोड्या वेळा रत्नाचा असतो. राजा तूतानखामूनच्या मुखवट्यात भुवया नि डोळ्यांच्या कडा लाजवर्दाच्या (लॅपिस लाझुली या निळ्या रत्नाच्या) आहेत. शिरोवस्त्राचे निळे पट्टे काचेचे. लाजवर्द यायचा बदख्शानहून, म्हणजे आजच्या ईशान्य अफगाणिस्तानातून. इतक्या लांबून आलेला दगड जपूनच वापरला जाणार.

लाजवर्दात पांढऱ्या शिरा आणि सोनेरी ठिपके दिसतात (ते सोनं नव्हे, पायराइट नावाचं चकाकतं खनिज). रंग सगळीकडे एकसारखा आणि आत बारीक बुडबुडे असतील, तर ती काच.

मणी, ताईत आणि उशब्ती, म्हणजे कबरीत मृताच्या चाकरीसाठी ठेवलेल्या बाहुल्या, बहुतेक फायन्सच्या, म्हणजे झिलईदार भाजलेल्या लगद्याच्या, असतात. फायन्समध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त दळलेली गारगोटी किंवा वाळू असते. बाकी थोडा चुना, नॅट्रॉन (नैसर्गिक सोडाक्षार) किंवा वनस्पतींची राख आणि रंगापुरतं तांबं. हा लगदा चिकणमातीसारखा वळत नाही, वाकवला की चिरतो. म्हणून लहान वस्तू साच्यात दाबून काढत. झिलई आणण्याची एक युक्ती तर लाजवाब आहे. वस्तू वाळताना आतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, ओल्या भिंतीला लोणा फुटावा तसे. भट्टीत ८०० ते १,००० अंश सेल्सिअसला तोच थर वितळतो आणि झिलई आपोआप चढते. पण भाजण्याआधी बोट लागलं की क्षार झडतात, आणि तेवढी जागा खरबरीत राहते. भट्टीत टेकलेली बाजूही पुष्कळदा बोडकीच निघते. तेव्हा उशब्तीचा चेहरा पाहून पुढे सरकू नका. काचेच्या कपाटाला वळसा घालून तिची पाठ पाहा. कुठे टवका उडाला असेल तर आतला पांढरट, रवाळ गाभाही दिसेल.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा निळा पाणघोडा याच फायन्सचा. त्याचे तीन पाय आधुनिक जोडकाम आहे. मूळ पाय बहुधा मुद्दामच मोडले होते, परलोकात त्याने मृताला इजा करू नये म्हणून.

शवपेट्यांवरचा आणि भिंतीचित्रांतला निळा आणखी वेगळा. वाळू, चुना, तांबं आणि थोडा क्षार ८५० ते १,००० अंशांवर कित्येक तास भाजून स्फटिक तयार करायचे आणि दळायचे. जाडसर दळले तर रंग गडद, बारीक केले तर फिका. आच फारच वाढली तर स्फटिक मोडून हिरवट काच हाती येते.

या रंगावर लाल प्रकाश पडला की तो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश बाहेर टाकतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण अवरक्त रोखणारी गाळणी काढलेल्या कॅमेऱ्याला दिसतो. रंग उडून चार कण उरले असले तरी त्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रात ते पांढरे चमकतात. लाजवर्द तिथे काळाच राहतो. त्यामुळे वस्तू न खरवडता दोन्ही निळे वेगळे ओळखता येतात.