बोटीचा स्टार्टर बदलायला किती खर्च येतो?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोनवर पहिला प्रश्न हाच येतो. त्याचं खरं उत्तर आहे: पंधराशे रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंत कितीही. स्टार्टरच्या आत करंट पोचवणारे कार्बन (ब्रश) झिजले असतील तर काम दीड-दोन हजारांत आटोपतं. मोठ्या ओबीएमला (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं आउटबोर्ड इंजिन) कंपनीचा नवा स्टार्टर लावायचा म्हटलं तर आकडा पार वर जातो. तुमचं बिल यात कुठे बसेल याचा अंदाज तुम्हाला बोट आणण्याआधीच यावा, म्हणून हे पत्रक.

आधी स्टार्टरच गेलाय का ते बघू

किल्ली फिरवल्यावर येणारा आवाज नीट ऐका. "टक-टक-टक-टक" असा भराभर आवाज आला तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. एकच ठसठशीत "टक्" येऊन सगळं गप्प झालं तर सोलेनॉइडचे (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) आतले कॉन्टॅक्ट जळालेत, नाहीतर मोटर जाम आहे. मोटर घर्र करून मोकळीच फिरते आणि इंजिन हलत नाही, म्हणजे बेंडिक्स (पिनियन हे छोटं दातेरी चाक पुढे सरकवून इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये अडकवणारा भाग) पुढे येत नाही किंवा त्याचा क्लच घसरतो. काहीच आवाज नसेल तर आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे का बघा. ओबीएम गिअरमध्ये असताना सेल्फ (म्हणजे स्टार्टर) लागतच नाही, आणि न्यूट्रल स्विच खराब झाला तर न्यूट्रलमध्येही लागत नाही. मग फ्यूज आणि रिले. यातलं अर्धं काम स्टार्टर न खोलता होतं.

त्यानंतर मल्टिमीटर. रात्रभर नुसती ठेवलेली 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जायला नको. बॅटरी चांगली असूनही जात असेल तर स्टार्टर जास्त करंट ओढतोय: बुश (आतल्या दांड्याला आधार देणारी कडी) झिजून आर्मेचर (स्टार्टरच्या आत फिरणारा, वाइंडिंग असलेला भाग) घासतंय किंवा वाइंडिंग शॉर्ट आहे.

आता केबल. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी स्टार्टरला ती केबल लागते त्या बोल्टवर धरून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष केबलचा, तिच्या टोकाच्या लगचा (बोल्टला लागणाऱ्या कडीचा) किंवा मधल्या बॅटरी स्विचचा. तसंच बॅटरीचा मायनस आणि स्टार्टरची बॉडी यांच्यामध्ये बघा, तिथे 0.3 च्या वर दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. बोटीत बॅटरी पुढे ड्रायव्हरच्या सीटखाली आणि इंजिन पार मागे असतं, त्यामुळे केबल लांब होते. जाऊन-येऊन सहा मीटर केबल आणि 150 अँपिअर करंट धरला, तर 16 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये एक व्होल्टच जिरतो. 35 ची टाकली तर अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. स्वस्तात मिळणारी, वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली केबल बोटीत घालू नका.

घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी बोटीत टाकलेली आम्हाला बरेचदा दिसते. ती सावकाश करंट द्यायला बनवलेली असते. सेल्फचा एकदम येणारा ओढा तिला झेपत नाही, आणि मग दोष स्टार्टरवर जातो.

बिल कसं बनतं

वर्कशॉपला इंजिन किंवा स्टार्टर आणलात तर तपासणीचे 300 रुपये. नाशिकच्या गंगापूर धरणावर येऊन तपासायचं असेल तर 1000. दारणा, मुकणे, वैतरणा किंवा तिकडे गिरणा धरणाला अंतराप्रमाणे जास्त. काम आमच्याकडे केलंत तर तपासणीचे पैसे बिलातून वजा होतात.

रिपेअरला सुट्या भागांचे आमचे दर साधारण असे: कार्बन सेट 400 ते 800, बुशची जोडी 150 ते 300, सोलेनॉइड 900 ते 2500, बेंडिक्स 1200 ते 2500, आर्मेचर वाइंडिंग 1800 ते 3000. उघडणं, साफ करणं, कम्युटेटर (आर्मेचरवरचा, कार्बन टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) लेथवर घेणं आणि टेस्ट बेंचवर चालवून दाखवणं, याची मजुरी 1200. नव्यात 40 ते 60 हॉर्सपॉवरच्या ओबीएमला बाहेरच्या कंपनीने बनवलेला स्टार्टर 9 ते 15 हजार, कंपनीचा 25 ते 45 हजार. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) डिझेल इंजिनाचा देशी 12 व्होल्टचा 7 ते 14 हजार, 24 व्होल्टचा त्याहून महाग. जीएसटी वेगळा.

बसवण्याची मजुरी जागेवर ठरते. ओबीएमचं झाकण काढलं की स्टार्टर समोर दिसतो. दीड-दोन तासांत काम होतं. इनबोर्डला तो इंजिनच्या खालच्या अंगाला, बोटीच्या तळाजवळ असतो. हात जात नाही, पाना फिरत नाही, कधी कधी एक्झॉस्ट सोडवावा लागतो. अर्धा दिवस धरा. गंजलेला बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत तुटला तर ड्रिल मारून नवा आटा पाडावा लागतो. तो खर्च आधी सांगता येत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही तो करत नाही.

रिपेअर की नवा?

बॉडी धड आहे, आर्मेचर काळं पडलेलं नाही, तर रिपेअरच करा. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्याखाली आले की बदलतो. नवे बुश इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवूनच बसवतो. कोरडे ठोकले तर ते महिनाभरात वाजायला लागतात. कम्युटेटर लेथवर घेतल्यावर पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खाली घ्यावा लागतो. हे न करता नुसता पॉलिश पेपर मारून दिलेला सेल्फ दुकानात छान फिरतो, पाण्यावर दगा देतो. आर्मेचर जळालंय, बॉडीला आतून गंज आहे, शिवाय बेंडिक्सही गेलंय, अशा वेळी रिपेअरचा हट्ट नको.

पेट्रोलच्या इनबोर्ड बोटीबाबत आम्ही तडजोड करत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते. कारचा स्टार्टर मापाला बसतो, किमतीला निम्मा पडतो, पण त्याच्या कार्बनच्या ठिणग्या बाहेरच्या हवेला मोकळ्या असतात. तिथे ठिणगी बाहेर न जाऊ देणारा मरीन स्टार्टरच लागतो. कारचा आणून दिलात तरी आम्ही बसवणार नाही. डिझेलला हा धोका तितका नाही, पण तळात पाणी साचत असेल तर साधा स्टार्टर फार टिकत नाही.

बसवताना काय चुकतं

पहिलं काम बॅटरीचा मायनस काढणं. मग स्टार्टर जिथे टेकतो तो पृष्ठभाग घासून चकचकीत करायचा, कारण अर्थिंग बहुतेक तिथूनच जातं. रंग किंवा गंज राहिला तर नवा स्टार्टरही मंद फिरतो. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात पूर्ण फेरा फिरवून बघायचे. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं, म्हणून दात तिथेच झिजतात. रिंग खराब असताना नवा पिनियन लावला तर तोही जाईल. ओबीएमच्या बेंडिक्सच्या आट्यांवर ग्रीस थापू नका. त्यात धूळ आणि कार्बनची भुकटी चिकटून पिनियन अडकतो. पातळ तेलाचे दोन थेंब पुरेत. आणि धरणावर सुटे भाग पेट्रोलमध्ये धुवायचे नाहीत. नाशिक तेच पाणी पितं.

स्टार्टर जळतो कशाने

बहुतेक वेळा, सुरू न होणाऱ्या इंजिनावर सेल्फ मारत राहिल्याने. दहा सेकंद मारा, मग दोन मिनिटं थांबा. तीन-चार वेळा झालं की थांबून डिझेल, हवा, प्लग बघा. ज्या इनबोर्डला थंड करणारं पाणी धरणातून खेचून एक्झॉस्टमधूनच बाहेर टाकलं जातं, तिथे दुसरा धोका आहे. सेल्फवर पंप फिरत राहतो, पण पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो. सायलेन्सर भरून पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. मग सेल्फ धप्पकन अडकतो, आणि पुन्हा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बराच वेळ सेल्फ मारायची वेळ आली तर पाण्याचा वॉल्व्ह बंद ठेवा. इंजिन लागल्याबरोबर उघडा.

पावसाळ्यात तीन-चार महिने बोट नुसती उभी राहते तेव्हा बुश आणि बेंडिक्स दमट हवेने धरतात. पंधरा दिवसांतून एकदा बॅटरी जोडून इंजिन सुरू करा. ओबीएमला नळाचं पाणी जोडूनच. बचावकार्यासाठी ठेवलेल्या बोटींना हे चुकवून चालणार नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला (नाशिककर पुराचा अंदाज घेतात ती मूर्ती) पाणी लागल्यावर सेल्फ तपासण्यात अर्थ नाही.

येताना काय आणावं

इंजिनच्या प्लेटचा फोटो, ज्यात मॉडेल आणि सिरियल नंबर वाचता येतील. स्टार्टर काढलेला असेल तर तोच आणा. स्टार्टर न आणता त्याचा फोटोच पाठवायचा झाला, तर पिनियनचे दात मोजून लिहा, बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टी ठेवून दाखवा, आणि 12 व्होल्ट की 24 तेही कळवा. स्टार्टर डावीकडे फिरतो की उजवीकडे, हे पिनियनच्या बाजूने बघून सांगा. मागून बघितलं तर उलटं येतं आणि चुकीचा माल येतो. नव्या स्टार्टरला सहा महिन्यांची आणि रिपेअरला तीन महिन्यांची हमी आहे. जळलेल्या वाइंडिंगला हमी नाही. बदललेले जुने भाग आम्ही तुम्हाला परत देतो, मागून घ्या.