मिशनरी वर्षातून दोनदाच घरी फोन करतात?

धर्मप्रसारासाठी परदेशी गेलेल्या मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) मिशनऱ्याला वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला, घरी फोन करता येतो, असं आजही सांगतात. तो नियम जुना झाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला, तयारीच्या दिवशी (कपडे धुणं, खरेदी अशा स्वतःच्या कामांसाठी मोकळा ठेवलेला दिवस), घरच्यांशी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलता येतं.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो, तो बदल्यांमुळे. साधारण दर सहा आठवड्यांनी मिशनऱ्यांच्या बदल्या ठरतात. कुणाचा जोडीदार, म्हणजे सोबत काम करणारा दुसरा मिशनरी, बदलतो, कुणाचं गावच. एकोणीस-वीस वर्षांचं पोर सामान उचलून अनोळखी खोलीत उतरतं. गल्ल्या नव्या, शेजारी नवे, आणि चोवीस तास ज्याच्यासोबत राहायचं तो जोडीदारही (त्याने न निवडलेला) नवाच. अशा पहिल्या आठवड्यात आईचा आवाज ऐकायला आता नाताळची वाट पाहावी लागत नाही.