रोमन सैनिक केवळ धाकाने लढत नव्हते

दर दहांतील एकाला चिठ्ठी टाकून ठार मारण्याच्या धाकानेच रोमन सैनिक लढत, हा समज चुकीचा आहे. ती शिक्षा खरी होती, पण विरळ, इ. स. पू. ७१ मध्ये बंडखोर गुलामांचा नेता स्पार्टाकस याच्याविरुद्धच्या युद्धात रोमन सेनापती क्रॅससने ती दिली, तेव्हा ती दीर्घकाळ वापरातून गेलेली होती. याउलट इ. स. पू. ५७ मध्ये गॉलमधील (आजचा फ्रान्स व आसपासचा प्रदेश) साबिस नदीकाठी रोमन सैन्य खचू लागले, तेव्हा ज्युलियस सीझरने मागच्या रांगेतील सैनिकाची ढाल हिसकून घेत आघाडी गाठली, सेंच्युरियनांना, म्हणजे तुकड्यांच्या नायकांना, नावानिशी हाका मारल्या आणि तलवारी मोकळेपणी चालाव्यात म्हणून रांगा सैल करायला लावल्या. सेनापतीच्या डोळ्यांदेखत लढण्याची ही ईर्षा मला धाकापेक्षा अधिक प्रभावी वाटते. सहनागरिकाचे प्राण वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचा साधा मुकुट मिळे. तो घालून वीर खेळांना आला की सिनेटचे सभासदही उठून उभे राहत.