ब्रेक पॅडल खाली जातं तेव्हा: जुन्या गाड्यांच्या ब्रेकची पार्श्वभूमी

सोलापुरात एमएच-१३च्या पाटीवर अजूनही एखादी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा सुरुवातीची मारुती ८०० दिसते. तिन्ही गाड्यांची ‘ब्रेक नीट लागत नाही’ ही तक्रार ऐकायला सारखीच, कारणं मात्र वेगळी. ब्रेक कुठल्या काळातल्या रचनेचा आहे हे आधी कळलं, तर उगाच पार्ट बदलत बसावं लागत नाही.

चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत शू (अर्धगोल पट्ट्या) फाकवून चाक थांबवण्याची पद्धत लुई रेनॉने १९०२ मध्ये रुळवली. शू ओढायला तेव्हा तारा आणि दांडे असत. चारही चाकांवर सारखा ताण येत नसे, गाडी एका बाजूला ओढली जाई. १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक आले. फोर्डने तारा सोडल्या त्या थेट १९३९च्या मॉडेलात. तारेची ती जुनी पद्धत हँडब्रेकमध्ये आजही आहे. म्हणूनच पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभी ठेवलेली गाडी दिवाळीला जागची हलत नाही. केबल गंजलेली असते किंवा शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, ड्रमला चिकटलेला असतो.

मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट ११००पासून आलेली पद्मिनी या दोन्ही मुळात चारही चाकांना ड्रम असलेल्या गाड्या. सुट्या भागांचा प्रश्न १९६२ मध्ये मद्रासजवळ पाडी इथे ब्रेक्स इंडिया सुरू झाल्यावर बराच सुटला. तेव्हापासून त्या कंपनीची टीव्हीएस-गर्लिंग नावाची किट दुकानांत सवयीची झाली.

या पिढीतल्या ड्रमला अ‍ॅडजस्टर हाताने फिरवावा लागतो. लायनर झिजला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, ते आपोआप भरून निघत नाही. निदान सोपं आहे. पहिल्या दाबात पॅडल खाली जातं आणि लगेच दोन-तीनदा पंपिंग केल्यावर वर येऊन घट्ट होतं, म्हणजे अ‍ॅडजस्टमेंट गेली. चाक जॅकवर उचलून जाम होईपर्यंत अ‍ॅडजस्टर फिरवा, पॅडल एकदा दाबून शू मध्यावर येऊ द्या, मग चाक मोकळं होईल इतपत मागे घ्या. किंचित घासल्याचा आवाज राहिला तरी चालतं. पंपिंग करूनही पॅडल स्पंजसारखं लागत असेल तर तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरलेलं पॅडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे लीकेज दिसत नसेल, तर पॅडलच्या दाबाने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधला रबर वॉशर दाब सोडतोय.

गाडी डावीकडे ओढते म्हणून डावं चाक उघडलं जातं, पण दोष बहुधा उजवीकडे असतो. तिथला शू फाकवणारा व्हील सिलिंडर जाम असतो किंवा लायनरला तेल लागलेलं असतं. तेल पिलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणं ही खोटी काटकसर. गरम झाला की तेल परत वर येतं. रिव्हेटचा लायनर रिव्हेटच्या डोक्यापासून साधारण १ मिमीवर आला की बदलावा, तोही एकाच चाकाचा नाही, त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता, त्यामुळे ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

तुळजापूरचा घाट उतरताना या ड्रमची परीक्षा होते. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, पॅडलचा प्रवास वाढतो. लायनर तापला तर पॅडल घट्ट राहतं, पण गाडी थांबत नाही. तेल उकळलं तर पॅडल सरळ तळाला टेकतं. या तिसऱ्या प्रकाराला लोक मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांना बोल लावतात, खरा दोषी तेलातलं पाणी असतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक तेल नवं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, आणि उघडी राहिलेली बाटली पुढच्या वर्षी वापरायची नाही.

लाइनमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. टाकीतलं तेल मध्येच संपू दिलं तर सगळं पहिल्यापासून.

सुरुवातीच्या गाड्यांत सगळ्या चाकांना मिळून तेलाचं एकच सर्किट असे. एक होज (रबरी नळी) फुटला की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत १९६८पासून दुहेरी सर्किट सक्तीचं झालं, आपल्याकडे ते हळूहळू आलं. दुहेरीत एक बाजू गेली तरी अर्धा ब्रेक उरतो, पॅडल मात्र बरंच खाली जातं. ‘चालतंय की’ म्हणून तशीच चालवलेली गाडी सगळ्यांत धोक्याची.

फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणाऱ्या डिस्क ब्रेकचा दबदबा १९५३ मध्ये जॅग्वारने ल माँची शर्यत जिंकल्यावर वाढला, १९५५ मध्ये सित्रोएन डीएसने तो रोजच्या गाडीत आणला. आपल्या रस्त्यांवर तो मारुती ८००च्या पुढच्या चाकांमुळे ओळखीचा झाला. डिस्क झीज आपोआप भरून काढते. त्यामुळे अशा गाडीत पॅडल खाली गेलं आणि लीकेज किंवा हवा नसेल, तर आधी मागचे ड्रम बघावेत. एकच पॅड जास्त झिजलं असेल तर पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम आहेत. त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं; साध्या ग्रीसने रबर फुगतं.

सगळ्यांत चकवणारा दोष म्हणजे ब्रेक सोडल्यावरही चाक जाम राहणं. गाडी जॅकवर घ्या, पॅडल दाबून सोडा आणि त्या चाकाचं हवा काढायचं निप्पल ढिलं करा. चाक सुटलं नाही तर भानगड यांत्रिक आहे: स्प्रिंग, केबल किंवा अडकलेला पिस्टन. सुटलं तर आत दाब अडकलाय. मग निप्पल कसून पुन्हा दाबा, आणि या वेळी मास्टर सिलिंडरचा पाइप ढिला करा. तिथे चाक सुटलं तर मास्टर दाब सोडत नाही; बहुतेक वेळा पॅडल आणि मास्टरमधल्या दांड्याला, म्हणजे पुशरॉडला, मोकळीक उरलेली नसते. तरीही जामच राहिलं तर मधला रबरी होज आतून सुजलाय. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, म्हणून बदलायचा राहून जातो आणि गिऱ्हाईक विनाकारण मास्टर किटचे पैसे मोजतं.