क्लाउडमधल्या डिस्कही मरतात

‘क्लाउडवर ठेवलंय, आता कुठे जातंय!’ असं बिनधास्त म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण क्लाउडवरचा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसुद्धा शेवटी कुठल्या तरी इमारतीतल्या खऱ्या सर्व्हरवरच चालतं आणि तिथल्या डिस्कही बंद पडतात.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या काही मशीनसोबत ‘इन्स्टन्स स्टोअर’ मिळतं. ही त्याच सर्व्हरमधली डिस्क, त्यामुळे झपाट्याची. मशीन रीबूट केलं तर डेटा राहतो. स्टॉप केलं की गेला. टिकाऊ हवं तर ईबीएस (इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर) ही वेगळी डिस्क घ्यायची. ती नेटवर्कपलीकडे असते आणि तिच्या प्रती अनेक सर्व्हरवर असतात.

खरी गंमत पुढे आहे. प्रती किती, याइतकंच मेलेली प्रत किती लवकर पुन्हा तयार होते याला महत्त्व असतं. समजा, प्रती दोन आणि डिस्क वर्षभरात मरण्याची शक्यता २ टक्के. दुरुस्ती केलीच नाही, तर दोन्ही जाण्याची शक्यता २,५०० मध्ये १. पण पहिली गेल्यावर दिवसाभरात नवी प्रत बनवली, तर डेटा बुडायला दुसरीने नेमकं त्याच दिवशी मरायला हवं. दोघींपैकी कुठलीही आधी जाईल, म्हणून ०.०४ × ०.०२ ÷ ३६५, म्हणजे दहा लाखांत सुमारे २! दिवसाऐवजी तासात दुरुस्ती केली तर आणखी २४ पट कमी. त्यासाठीच अनेक यंत्रणा डेटाचे तुकडे खूप डिस्कवर विखुरतात. एक गेली की बाकीच्या मिळून भराभर भरपाई करतात.

मात्र इथे दोन्ही मरणं स्वतंत्र धरली आहेत. प्रत्यक्षात एकच संकट अनेक डिस्कना एकदम गाठू शकतं. १३ ऑगस्ट २०१५ रोजी गूगलच्या बेल्जियममधल्या डेटा सेंटरला वीज पुरवणाऱ्या ग्रिडवर लागोपाठ ४ वेळा वीज कोसळली. बॅटऱ्या होत्या, तरी काही ठिकाणी त्या पुरल्या नाहीत आणि नुकताच लिहिलेला थोडा डेटा कायमचा गेला. प्रमाण ०.०००००१ टक्क्याहून कमी. ज्याचा गेला त्याला त्याचं काय?

जाहिरातींतल्या ‘९९.९९९ टक्के टिकाऊ’ छापाच्या नऊंच्या माळा म्हणूनच जपून वाचाव्यात. ईबीएसच्या जीपी३ प्रकारात वर्षाला ०.१ ते ०.२ टक्के डिस्क जाऊ शकतात, हे अ‍ॅमेझॉनच सांगते. महागड्या आयओ२मध्ये ०.००१ टक्का. आणि तुम्ही चुकून पुसलेली फाइल सगळ्या प्रतींतून इमानेइतबारे पुसली जाते.

माझं मत विचाराल तर कॅश (पटकन मिळावी म्हणून ठेवलेली जादा प्रत) आणि तात्पुरत्या फायली इन्स्टन्स स्टोअरवर, महत्त्वाचा डेटाबेस आयओ२वर, उरलेलं जीपी३वर. ईबीएसच्या प्रती एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरच्या एकाच गटात असतात, त्यामुळे झोनबाहेर साठणारे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या क्षणीच्या डिस्कच्या प्रती, घ्यायलाच हवेत. किती वेळाने? जितक्या तासांचं काम पुन्हा करायची तयारी असेल, तितक्या.