धाकटा प्लिनी : हिशेब तपासायला गेलेला सुभेदार

रोमच्या इतिहासात प्लिनी दोन. भारताशी चालणाऱ्या व्यापारात दरसाल ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात, अशी कुरकुर लिहून ठेवणारा थोरला; तो मामा. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तो गेला आणि मृत्युपत्राने सतरा वर्षांच्या भाच्याला दत्तक घेऊन गेला. हा भाचा म्हणजे उत्तर इटलीतल्या कोमोचा धाकटा प्लिनी.

भाचा वकिलीत शिरला, सिनेटमध्ये बसला. सम्राट डोमिशियनच्या जुलमी राजवटीत एकेक पद चढत गेला आणि ९६ मध्ये सम्राटाचा खून झाल्यावर सांगू लागला, की त्याच्या दप्तरात माझ्याविरुद्धही तक्रार सापडली होती. असेलही. पदं मात्र थांबली नव्हती. १०० मध्ये तो कॉन्सल (सम्राटाखालचं सर्वोच्च पद) झाला.

त्याचं खरं क्षेत्र म्हणजे लाचखोर सुभेदारांचे खटले. आफ्रिका प्रांत लुटणाऱ्या मारियस प्रिस्कसविरुद्ध तो इतिहासकार टॅसिटसच्या जोडीने उभा राहिला. पण बिथिनियाच्या (आजच्या तुर्कस्तानातला रोमन प्रांत) लोकांनी आपल्या दोन माजी सुभेदारांना, बासस आणि व्हॅरेनस यांना, कोर्टात खेचलं, तेव्हा प्लिनी आरोपींच्या बाजूने होता! सम्राट ट्रेजनने साधारण ११० मध्ये त्यालाच खास अधिकार देऊन बिथिनिया-पाँटसला धाडलं. तिथल्या भानगडी त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक असणार?

शहरांचे हिशेब भयंकर होते. निकोमीडियाने पाण्याच्या कालव्यावर ३३ लाख १८ हजार सेस्टर्स घालून काम अर्धवट सोडलं होतं. नायसियाचं नाट्यगृह १ कोटीहून जास्त गिळून खचत होतं, भिंतींना तडे गेले होते. प्लिनी प्रत्येक गोष्ट सम्राटाला विचारी. निकोमीडियात आग लागली तेव्हा लोक बघत उभे राहिले, गावात बादलीसुद्धा नव्हती. दीडशे जणांचं अग्निशमन दल उभारू का, असं त्याने विचारलं. ट्रेजनचं उत्तर : नको, नाव काहीही द्या, अशा मंडळींचं राजकारण होतं. साधनं ठेवा, घरमालकांनाच विझवू द्या. ख्रिश्चनांचं काय करायचं हेही त्याने विचारलं. त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, असं उत्तर आलं. सिद्ध झालं आणि माघार घेतली नाही, तर मात्र शिक्षा.

या पत्रव्यवहारातलं त्याचं शेवटचं पत्र घरगुती आहे. बायको कॅल्पुर्नियाचे आजोबा वारले, तिला आत्याकडे तातडीने जायचं होतं. प्लिनीने सरकारी टपालवाहनांचा परवाना न विचारताच दिला आणि मग कळवलं. ट्रेजनने हरकत घेतली नाही. त्यानंतर पत्रं नाहीत. बहुधा सुभ्यातच त्याचा मृत्यू झाला.