केबल तुटल्यावर निर्णय कुणाचा?

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग, म्हणजेच एसडीएन, या पद्धतीत कुठल्या पॅकेटने, म्हणजे माहितीच्या तुकड्याने, कुठून जायचं हे एक कंट्रोलर (मध्यवर्ती सॉफ्टवेअर) ठरवतो. पॅकेट पुढे पाठवणारी यंत्रं, म्हणजे स्विच, फक्त त्याने दिलेले नियम पाळतात. पण मधली एखादी केबल तुटली आणि कंट्रोलर शेकडो किलोमीटर दूर असला, तर नवी वाट कुणी शोधायची? एसडीएनमधलं किती तरी संशोधन या प्रश्नातून निघालं आहे. प्रश्न मात्र एसडीएनपेक्षा बराच जुना.

रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पॉल बॅरन यांनी १९६४ साली त्याला दिलेलं उत्तर अगदी उलट टोकाचं होतं: मध्यवर्ती केंद्रच नको. किमान लागतात त्याच्या साधारण तिप्पट जोडण्या ठेवा आणि प्रत्येक केंद्राला आपली वाट आपण ठरवू द्या, मग हल्ल्यात बरीच केंद्रं गेली तरी उरलेली एकमेकांशी बोलत राहतील. १९६९ला सुरू झालेल्या, इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटमध्येही वाट ठरवण्याचं काम असंच विखुरलेलं होतं. पण विकेंद्रीकरण म्हणजे सुरक्षितता, असं सरळ गणित नाही. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट काही तास ठप्प झालं. एका नोडच्या (जाळ्यातल्या केंद्राच्या) स्मृतीत बिट गळले आणि आपल्या जोडण्यांची स्थिती कळवणाऱ्या ४४ क्रमांकाच्या संदेशाच्या ४० आणि ८ अशा चुकीच्या क्रमांकांच्या आणखी दोन प्रती तयार झाल्या. क्रमांक चक्राकार मोजले जात, त्यामुळे ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा आणि ४४ पेक्षा पुन्हा ८ नवा! तिन्ही संदेश एकमेकांना मागे सारत अखंड फिरत राहिले. बिघाडाची बातमी पोहोचवणारी यंत्रणाच बिघाड पसरवत होती.

पुढे आलेल्या ओएसपीएफने, म्हणजे राउटरनी आपापसांत वाटा ठरवण्याच्या पद्धतीने, हे बरंच सावरलं, पण वेग कमी होता. नेहमीच्या मांडणीत राउटर दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला ‘मी आहे’ असं कळवतो आणि ४० सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तरच शेजारी त्याला गेला असं समजतो. १० गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर तेवढ्या वेळात ५० गिगाबाइट माहिती वाया जाते. टेलिफोन कंपन्यांच्या सोनेट या प्रकारच्या फायबर जाळ्यांना ५० मिलिसेकंदांत पर्यायी वाटेवर जायची सवय होती. तोच आकडा मग सगळ्यांचं माप झाला. २००५ साली प्रमाणित झालेल्या एमपीएलएस फास्ट रीरूटने (पॅकेटला लेबल लावून ठरलेल्या वाटेने नेणाऱ्या जाळ्यांतल्या झटपट वाटबदलाच्या पद्धतीने) तो गाठला, कारण पर्यायी वाट बिघाडाआधीच तयार ठेवलेली असे.

आणि मग २००८ साली स्टॅनफर्डमधून निक मॅककिऑन आणि सहकाऱ्यांचं ओपनफ्लो, म्हणजे कंट्रोलरने स्विचला नियम द्यायची ठरलेली भाषा, आलं. नियंत्रण पुन्हा एका जागी! फायदा मोठा होता. कंट्रोलरला सगळं जाळं एकत्र दिसतं, म्हणून तो वाटाही चांगल्या निवडतो. अडचण अंतराची आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. स्विच मुंबईत आणि कंट्रोलर दिल्लीत असेल, केबल १,४०० किलोमीटर धरली, तर नुसत्या जाण्यायेण्यात १४ मिलिसेकंद गेले. त्यात बिघाड ओळखणं, नव्या वाटा काढणं आणि शेकडो नियम एकेक करून स्विचमध्ये लिहिणं मिळवा. बेल्जियमच्या घेंट विद्यापीठातल्या प्रयोगांत हेच दिसलं: कंट्रोलरला विचारून सावरायचं तर ५० मिलिसेकंद पाळता येत नाहीत, पर्याय आधीच बसवलेला असेल तर येतात.

म्हणून फेब्रुवारी २०११च्या ओपनफ्लो १.१मध्ये आलेला ‘फास्ट फेलओव्हर’ गट मला या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतो. कंट्रोलर स्विचला पर्यायांची क्रमवार यादी देऊन ठेवतो. प्रत्येक पर्याय एखाद्या पोर्टवर, म्हणजे स्विचच्या केबल जोडायच्या जागेवर, लक्ष ठेवतो, आणि यादीतला पहिला जिवंत पर्याय स्विच कुणाला न विचारता वापरतो. आखणी केंद्रात, तातडीची कृती जागेवर. मर्यादा आहेतच: एकाच वेळी दोन-तीन लिंक गेल्या, तर ज्यांना फक्त आपल्यापुरतं दिसतं असे स्विच पॅकेट एकमेकांकडे टोलवत बसू शकतात.

कंट्रोलरच गेला तर काय, हे २ जून २०१९ रोजी गूगलमध्ये दिसलं. देखभालीच्या स्वयंचलित यंत्रणेने अनेक ठिकाणचं नियंत्रण सॉफ्टवेअर एकदम बंद केलं. स्विच शेवटच्या नियमांवर काही मिनिटं व्यवस्थित चालले. मग त्या ठिकाणांमधले मार्ग मागे घेतले गेले, क्षमता घटली आणि सेवा चार तासांहून जास्त काळ विस्कळीत झाल्या. नंतर गूगलने ठरवलेल्या उपायांत एक असा होता, की नियंत्रण गेल्यावरही स्विचनी जुन्या नियमांवर आणखी जास्त वेळ चालत राहावं.